मोगलीचे लांडगे आणि नगरचे माळरान

दूरदर्शनवर १९९३ मध्ये रविवारी सकाळी लागू लागलेली ‘द जंगल बुक’ ही मालिका मूळची जपानी. निप्पॉन अॅनिमेशनने काढलेले तिचे ५२ भाग जपानमध्ये १९८९-९० साली दाखवले गेले होते. हिंदीसाठी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाज यांचे. शेरखान या वाघाला आवाज मिळाला नाना पाटेकरांचा, आणि तो असा काही बसला की २०१६ च्या हॉलिवूडपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखान त्यांच्याच आवाजात बोलला.

लांडग्यांनी वाढवलेल्या मोगलीची मूळ कथा मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगची, १८९४ सालची. अशा मुलांच्या हकिकती त्याच्या आधीपासून प्रसिद्ध होत्या. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने अवधमधल्या अशा कहाण्या १८५२ मध्ये छापल्या. आग्र्याजवळच्या सिकंदरा अनाथालयात १८६७ मध्ये आणलेला शनिचर नावाचा असाच एक मुलगा अखेरपर्यंत बोलायला शिकला नाही. मोगली मात्र सगळ्या प्राण्यांशी बोलतो. अशा बहुतेक हकिकतींवर आज अभ्यासक सहजी विश्वास ठेवत नाहीत.

किपलिंगने लांडगे मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलात ठेवले आणि पडद्यावरही दाट झाडीच आली. भारतीय लांडग्याचे खरे घर मात्र उघडे, कोरडे माळरान. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, कर्जत-श्रीगोंद्याच्या पट्ट्यात, असा माळ आहे. तिथे लांडग्याची गाठ पडते ती धनगरांशी. पावसाळा सरला की मेंढपाळ कळप घेऊन निघतात, खतासाठी शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात, रात्री भोवती जाळी लावतात आणि कुत्री सोडतात. तरीही एखादे कोकरू जातेच. लांडगा त्यांच्या लेखी पिढ्यान्‌पिढ्यांचा चोर आहे, पण ओळखीचा. अहिल्याबाई होळकरांचे चौंडी शेजारच्याच जामखेड तालुक्यात; जिल्ह्याला धनगर समाजातल्याच या अहिल्याबाईंचे नाव मिळाले.

ब्रिटिश काळात लांडगा मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चित्र कागदावर पालटले. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य १९८० मध्ये झाले, तेही काळविटांसाठी आणि जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे. लांडग्याची भटकंती याहून कितीतरी मोठ्या टापूत चालते, म्हणून तो बहुतेक वेळ अभयारण्याबाहेरच असतो. आणि बाहेरचा माळ सरकारी दप्तरात ‘पडीक’ ठरलेला. तिथे झाडे लावणे, शेती किंवा कारखाने उभारणे म्हणजे सुधारणा मानली जाते.