हेड गॅस्केट (ट्रकच्या एंजिनातील)

एंजिनाचा ब्लॉक व सिलिंडर हेड यांच्या सांध्यात बसणारी, ज्वलनवायू, वंगणतेल आणि शीतनाचे पाणी परस्परांत मिसळू न देणारी चपटी जोडपट्टी (पहा : डिझेल एंजिन). जुन्या ट्रकांत ती बहुधा ॲस्बेस्टसयुक्त असे. पुढे बहुस्तरी पोलादी आली. अतितापाने हेड वाकले की ती फुटते. म्हणून केवळ गॅस्केट बदलणे अपुरे ठरते. पांढरा धूर वा दुधाळ तेल हा गॅस्केट फुटल्याचा निर्णायक पुरावा नव्हे, कारण थंड एंजिनही असा धूर सोडते आणि ऑइल कूलर फुटूनही तेलात पाणी शिरते. रेडिएटरमधील बुडबुडे व लगतच्या दोन सिलिंडरांचे घटलेले कॉम्प्रेशन एकत्र आढळल्यास निदान बळकट होते. हेडला तडा असल्याची शंका दाबचाचणीने फेडतात. हेडचा सपाटपणा फीलर गेजने तपासून, गरजेनुसार ग्राइंडिंग करून, बोल्ट मध्यापासून बाहेर टप्प्याटप्प्याने नेमून दिलेल्या टॉर्कने आवळतात (पहा : शीतन).