एका थेंबाचा न्याय

वर्धा जिल्ह्यांत पुलगांव स्टेशनाला लागूनच नाचणगांव हें गांव आहे. भोंवतालची जमीन काळी, कपाशीची. सन १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली आणि ह्या खोऱ्यांतील कापूस सुलभपणें मुंबई बंदराकडे व तेथून विलायतेस जाऊं लागला. हिंगणघाटच्या कापसाचें नांव तिकडील बाजारांतहि ओळखीचें होतें. उलट दिशेनें विलायतेहून शुभ्र कापडाचे तागे येत. परंतु मागावरून उतरलेलें कोरें कापड मुळांत पिवळसर असतें. शुभ्रता त्याला आणावी लागते. ज्ञात शक्तीचें आम्ल थेंबाथेंबानें ओतून अल्कलीचें प्रमाण ठरविण्याची जी क्रिया रसायनशाळेंतील विद्यार्थी आज अनुमापन म्हणून शिकतो, ती मुख्यतः ह्या कापड धुण्याच्या धंद्यांत वाढीस लागली.

अठराव्या शतकांत यूरोपांतील धोबी कापड राखेच्या क्षारांत उकळीत, आंबट दुधांत भिजवीत आणि महिनोन्‌महिने कुरणांत पसरून ठेवीत. क्षार विकत घ्यावा लागे, आणि त्यांत चुना व मीठ मिसळणारे विक्रेते कमी नव्हते. क्षार हीन निघाला तर श्रम वायां जात. तीव्र निघाला तर कापड कुजे. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखेच दिसत. एडिंबरोच्या फ्रान्सिस होम ह्यानें १७५६ मध्यें ह्यावर साधा तोडगा सुचविला. क्षाराचें ठराविक वजन घ्यावें, त्यावर पातळ केलेलें नायट्रिक आम्ल चमच्याचमच्यानें घालावें, आणि फसफसणें थांबेपर्यंत किती चमचे लागले तें मोजावें. अधिक चमचे लागतील तो क्षार अधिक चांगला. फ्रान्समध्यें जोफ्र्वा ह्यानें १७२९ मध्येंच हीच युक्ति उलट वापरून शिर्क्याची तीव्रता मोजली होती.

पण फसफस नेमकी केव्हां थांबली, हें कोणीं ठरवावें? विकणाऱ्याच्या दृष्टीनें ती अजून चालूच असे, घेणाऱ्याच्या दृष्टीनें केव्हांच संपलेली! इंग्लंडांतील विल्यम लुइस ह्यानें १७६७ मध्यें अमेरिकेंतून येणाऱ्या क्षारांची परीक्षा करतांना लिटमसनें रंगविलेल्या कागदाची साक्ष काढली. शिवाय शुद्ध क्षारास किती आम्ल लागतें हें आधीं पाहून त्याच्याशीं त्यानें विक्रीच्या मालाची तुलना केली. बाजाराच्या वादांत एक तटस्थ पंच आला तो असा.

पुढें फ्रान्समधील रुआं ह्या कापसाच्या पेठेंत देक्रोआझिय ह्यानें खुणा केलेली कांचनळी प्रचारांत आणली, आणि १८०६ मध्यें तिच्या साह्यानें क्षार मोजण्याची रीति प्रसिद्ध केली. ब्यूरेट व पिपेट हीं नांवें गे-ल्युसाक ह्यानें १८२४ च्या सुमारास रूढ केलीं. जर्मनींतील मोर ह्यानें नळीच्या तळाशीं रबराचा तुकडा व चिमटा बसवून थेंब बोटांच्या हुकमतींत आणला. ह्या पद्धतीवरील त्याचा ग्रंथ १८५५ सालचा. सन १८७१ मध्यें बायर ह्यानें शोधलेलें फिनॉल्फ्थॅलिन लौकरच दर्शक म्हणून वापरांत आलें. आम्लांत तें निरंग, अल्कलींत गुलाबी.

साधनें सुधारलीं, तरी हाताची शिस्त सुटली नाहीं. ब्यूरेट ज्या द्रवानें भरावयाची त्याच द्रवानें आधीं विसळावी. चंबू मात्र केवळ शुद्ध पाण्यानें, नाहींतर मोजलेल्या मालांत न मोजलेली भर पडते. तोटींतला हवेचा बुडबुडा काढून टाकावा. डोळा द्रवाच्या पातळीवर धरावा. वरून पाहिलें कीं आंकडा फसवितो. दाहक सोडा हवेंतील ओलावा व कर्बवायु शोषितो, म्हणून तो वजन करून भागत नाहीं. ऑक्झॅलिक आम्लासारख्या शुद्ध पदार्थाशीं त्याची शक्ति ताडून घ्यावी लागते. एक थेंब म्हणजे सुमारें ०.०५ घन सेंटिमीटर. २५ घन सेंटिमीटरांत तो ०.२ टक्क्यांची चूक करतो. म्हणून प्रयोग पुन्हां करावा, आणि आंकडे जुळेपर्यंत थांबूं नये.

महाराष्ट्रांत ह्या पद्धतीचें खरें चीज करणारा पदार्थ बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवरांत सांपडतो. तेथील क्षाराचा उल्लेख साबण व कांच ह्यांच्या संबंधानें ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. त्यांत सोड्याचे कार्बोनेट व बायकार्बोनेट असे दोन प्रकार मिसळलेले असतात, आणि ब्यूरेट त्यांची वांटणी करून देते. आधीं फिनॉल्फ्थॅलिन घालावें. त्याचा गुलाबी रंग जातांना कार्बोनेटचा अर्धा हिशेब पुरा होतो. मग मिथिल ऑरेंज घालून उरलेला सर्व मोजावा. समजा, प्रथम ८ व नंतर ११ घन सेंटिमीटर आम्ल लागलें. तर १६ कार्बोनेटच्या वांट्यास आले, व ३ बायकार्बोनेटच्या.

शहरांतील दुग्धालयांत दुधाची आंबटाई आजहि ह्याच रीतीनें, दाहक सोड्याचे थेंब मोजून, ठरवितां येते. नाचणगांवचा शेतकरी पुलगांवच्या बाजारांत आपला कापूस तोलला जात असतां कांट्यावरून नजर हलवीत नाहीं. वर्षाचे कष्ट त्या कांट्यावर असतात. ब्यूरेटपुढें बसलेल्या विद्यार्थ्यानें एक थेंब अधिक पडल्यास तो लपवूं नये, चंबू रिकामा करून पुन्हां आरंभ करावा. त्याच्या वहींतील आंकड्यावरहि कोणाचा तरी सौदा उभा राहणार असतो.