मुदतीचा पत्ता : डीएचसीपीचा इतिहास

१/ ग्रंथालयात लॅपटॉप उघडताच इंटरनेट सुरू होते. त्या क्षणी आपल्या यंत्राला एक आयपी पत्ता मिळालेला असतो. तो कोणी दिला आणि किती काळासाठी दिला? आजचा धागा या दोन प्रश्नांविषयी.

२/ १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेटने टीसीपी/आयपी ही नियमावली स्वीकारली. तेव्हा जाळ्यातील यंत्रे मोजकी व एकाच जागी स्थिर असत. प्रत्येकाचा पत्ता व्यवस्थापक स्वहस्ते भरी. चुकून दोन यंत्रांना एकच पत्ता दिला गेला, तर दोघांचाही संवाद विस्कळीत होई.

३/ डिस्क नसलेल्या संगणकांनी ही पद्धत अडचणीत आणली. साठवणच नसल्याने चालू होताना त्यांना स्वतःचा पत्ता ठाऊक नसे. ठाऊक असे तो केवळ नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर क्रमांक. १९८४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलेल्या आरएआरपी या पद्धतीत यंत्र तो क्रमांक पुकारून आपला पत्ता विचारू लागले. मात्र ही हाक राउटरपलीकडे जात नसे. म्हणून जाळ्याच्या प्रत्येक भागात उत्तर देणारा सर्व्हर ठेवावा लागे.

४/ १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी मांडली. तिच्यात ‘रिले’ची सोय होती : मधले उपकरण यंत्राची विनंती दूरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचवी. तरीही कोणत्या क्रमांकाला कोणता पत्ता, ही यादी माणसालाच करावी लागे. एकदा दिलेला पत्ता त्या यंत्राच्या नावे राखीवच राही.

५/ खरे वळण १९९३ चे. बकनेल विद्यापीठातील राल्फ ड्रोम्स यांच्या नावे डीएचसीपीचा मसुदा प्रसिद्ध झाला. १९९७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्यातील मध्यवर्ती कल्पना भाडेपट्ट्याची होती. पत्त्यांचा एक साठा ठेवायचा, मागेल त्याला त्यातून मुदतीपुरता पत्ता द्यायचा आणि मुदत संपल्यावर तो परत घ्यायचा. सामान्यतः अर्धी मुदत उलटली की यंत्र स्वतःच नूतनीकरण मागते.

६/ हा व्यवहार चार संदेशांत होतो. यंत्र विचारते, ‘कोणी पत्ता देईल का?’ सर्व्हर म्हणतो, ‘हा घे.’ यंत्र सांगते, ‘हाच हवा.’ सर्व्हर मान्यता देतो. आज अनेक स्विचही हे काम करतात. व्यवस्थापक त्यांत पत्त्यांचा साठा, वगळायचे पत्ते, गेटवे, डीएनएस आणि मुदत नोंदवतो. सर्व्हर दुसरीकडे असेल, तर स्विचला रिले म्हणून नेमतो. बूटपीचा तो निरोप्या अशा रीतीने अजून कामावर आहे.

७/ या सोयीची किंमत विश्वासाने चुकवावी लागली. हाकेला उत्तर देणारा खरा सर्व्हर आहे की तोतया, हे यंत्राला कळत नाही. १९९७ च्या दस्तऐवजानेच ही असुरक्षितता मान्य केली आहे. म्हणून पुढे स्विचवर ‘डीएचसीपी स्नूपिंग’ नावाचा पहारा आला. त्यामुळे सर्व्हरची उत्तरे केवळ विश्वासू ठरवलेल्या पोर्टांवरूनच स्वीकारली जातात.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक धडा आहे. भाडेपट्ट्याच्या युगात नुसता आयपी पत्ता हा अपुरा पुरावा ठरतो. सकाळी एका यंत्राकडे असलेला पत्ता सायंकाळी दुसऱ्याकडे असू शकतो. त्यामुळे पत्त्यासोबत नेमकी वेळ आणि सर्व्हरची नोंद पाहिल्याविना कोणावर बोट ठेवणे, म्हणजे निरपराधाला दोषी ठरवण्याचा धोका पत्करणे होय. तिथी नसलेले पत्र वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच येथेही हवी.