बिनकर्त्याचं क्रियापद

तुम्ही डोळे उघडता, तरी अंधार हलत नाही. अमावास्या तोंडावर आली आहे, आभाळात चंद्र नाही. आधी ऐकू येते ती घरघर. दगडावर दगड फिरतो आहे, मध्येच थांबतो, परत फिरतो.

हे पुणं आहे. १८५५ सालचा १५ फेब्रुवारी. शहराच्या कडेच्या मांगवस्तीतलं एक खोपट. तळपायाला सारवलेल्या भुईचा गारवा लागतो. हात पुढे करा. हाताला जात्याचा खुंटा लागेल, वर्षानुवर्षांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला. समोर बसलेली बाई तुम्हाला घरातलंच कुणीतरी समजते.

"लाव की हात," ती म्हणते.

दोघांच्या हातांनी जातं हलकं होतं. ती सुपातून मूठभर जोंधळे घेते आणि अंधारातच जात्याच्या तोंडात नेमकी वैरण सोडते. एक दाणा बाहेर पडत नाही. आज जातं फिरतंय याचा अर्थ आज घरात दाणे आहेत, एवढंच. कडेनं पिठाची रांग साचत जाते. बोट लावून पाहा, पीठ कोमट आहे. बाहेर एवढी थंडी असताना या खोपटात ऊब आहे ती फक्त या पिठात.

घड्याळ नाही. तिला त्याची गरजही नाही. पहिला कोंबडा आरवून गेला, ती सांगते. मग झुंजुमुंजु होतं. दारातून माणूस गेला हे कळतं, पण कोण गेलं हे कळत नाही, ती ही वेळ. मग तांबडं फुटतं. मग फटफटतं. मग उजाडतं. आणि मग दिवस कासराभर वर येतो. एवढ्याशा वेळेला आपल्या भाषेनं इतके शब्द दिले, ते कुणामुळे? मला खात्रीनं वाटतं, ते या वेळी जागं असणाऱ्यांनी दिले. जो उन्हं अंगावर येईपर्यंत झोपतो, त्याला 'सकाळ' हा एक शब्द पुरतो.

कासऱ्याकडेही एकदा बघा. तो खुंटीवर लटकतो आहे, अंबाडीचा, तिच्या नवऱ्यानं वळलेला. बैलांचे दोर वळायचं काम या वस्तीचं. म्हणजे गावानं उगवता सूर्य मोजला तो यांच्या हातच्या दोरानं, आणि याच हातांचा विटाळ मानला.

"उजाडलं," ती म्हणते.

काय उजाडलं? कुणी उजाडलं? विचारून बघा, उत्तर नाही. पुढे शाळेतल्या व्याकरणात याला भावकर्तृक क्रियापद म्हणतील. सांजावतं, तसंच उजाडतं. कर्ता नाही, कुणाची खटपट नाही, ते आपलं आपण होतं. आभाळापुरतं हे खरंच आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

पण हाच शब्द आपण माणसाच्या डोक्याला लावतो, समाजाला लावतो, देशाला लावतो, तिथं मात्र जपायला हवं. गेली चौदा वर्षं मराठी छापखान्यांतून पहाट होते आहे. १८४१ साली मुंबईत भाऊ महाजनांनी 'प्रभाकर' काढला. १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मिशनऱ्यांनी 'ज्ञानोदय' काढला. १८४९ मध्ये इथं पुण्यात 'ज्ञानप्रकाश' निघाला. अजून अकरा वर्षांनी ठाण्यात 'अरुणोदय' निघेल. सगळी नावं उजेडाची. त्या माणसांची तळमळ खोटी नव्हती. पण पहाटेच्या आधी उठणाऱ्या या बाईला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.

तुमच्या काखेत कागद आहे. 'ज्ञानोदय'चा आजचा अंक. तिचं लक्ष जातं.

"काय लिवलंय?"

दारातल्या उजेडात सरका आणि वाचून दाखवा. लिहिणारी मुक्ता. याच जातीतली, शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली एक मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं निबंध लिहिला आहे. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवाला विचारते. आपल्या माणसांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत, हे ती लिहिते. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, हे लिहिते. पेशवाईत तालमीपुढून गेलेल्या आपल्या माणसाचं मुंडकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करत, हे लिहिते.

जातं थांबलेलं असतं. ही बाई पेशवाई गेली तेव्हा परकर नेसायच्या वयाची होती. ती काही बोलत नाही. नुसता खुंट्यावरचा हात काढून मांडीवर ठेवते.

पुढे वाचा. आपल्याच माणसांना ती सांगते की तुम्ही आजारी आहात आणि ज्ञान हे त्यावरचं औषध आहे. शिका.

"ह्ये समदं पोरीनं लिवलं? आपल्या पोरीनं?"

"हो."

"तिला शिकवलं कुणी?"

इथं थांबा. हाच तो प्रश्न, जो 'उजाडलं' या शब्दाला विचारता येत नव्हता. 'शिकवलं' म्हटलं की कर्ता सांगावाच लागतो. सांगा तिला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती या दोघांनी. पुढे या वस्त्यांतल्या पोरांसाठीही काढली.

"सावित्री," ती एकदा म्हणून बघते.

तिनं अंक हातात घेतलेला असतो. तो उलटा धरलाय हे तिला ठाऊक नाही, आणि तुम्ही सांगूही नका. ज्ञानोदयाच्या नावावर तिच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा उमटतो. बाहेर ऊन छपरावर आलं आहे. तिचा नवरा खुंटीवरचा कासरा काढून खांद्यावर टाकतो आणि निघतो.

"संपलं का इथंच?"

"अर्धंच आहे. राहिलेलं एक मार्चच्या अंकात."

"म्हंजी कवा?"

तुम्ही बोटांवर दिवस मोजता. तिचा हिशेब तुमच्या आधी होतो.

"शिमग्याच्या आधी," ती म्हणते, आणि मूठभर वैरण जात्यात सोडते. "ये मग. वाचून दाव."