कोलकात्याची मोजपट्टी

मनुष्य मोजावा कसा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शिंप्याची फीत उंची सांगते, काटा वजन सांगतो. परंतु दोन माणसे एकमेकांहून किती निराळी आहेत, हे त्या दोहोंपैकी कोणीच सांगत नाही. या प्रश्नाचे गणिती उत्तर कोलकात्यात शोधले गेले, आणि आज ते क्रीडांगणावर उपयोगी पडत आहे.

1920 साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले होते. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकविणारे प्रशांतचंद्र महालनोबिस तेथे गेले असता प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी त्यांच्यावर एक काम सोपविले. कोलकात्यातील सुमारे 200 अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मोजमापे ॲनंडेल यांच्यापाशी होती; त्यांतून काय निष्पन्न होते, हे पाहावयाचे होते. त्यावरील पहिला निबंध 1922 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1931 साली महालनोबिसांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली, आणि 1936 मध्ये, आज ‘महालनोबिस अंतर’ म्हणून ओळखले जाणारे सूत्र सविस्तर मांडले.

सूत्राचे मर्म साधे आहे. उंच मनुष्य वजनदारही असला, तर त्यात नवल नाही. ठेंगणा मनुष्य तितकाच वजनदार असला, तर मात्र ते ध्यानात घ्यावयास हवे. म्हणून नुसता फरक न मोजता, त्या समूहात असा फरक सहसा किती आढळतो आणि कोणती मापे एकमेकांच्या सोबतीने वाढतात, हे जमेस धरून अंतर ठरवावयाचे.

आता संगणकाला डोळे फुटले आहेत. फुटबॉलच्या सामन्यात कॅमेरा एका सेकंदात पंचवीस चित्रे टिपतो, असे धरू. या चित्रातला खेळाडू मागील चित्रातला तोच होय, हे यंत्राने कसे ओळखावे? यंत्र प्रत्येकाच्या पुढील जागेचा अंदाज बांधते, आणि दिसलेली आकृती त्या अंदाजापासून किती दूर आहे, ते तपासते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डीप सॉर्ट’ या पद्धतीत हे दूरत्व महालनोबिसांच्याच सूत्राने मोजतात. अशा मागोव्यातून कोण किती धावला, कोठे मंदावला, याचा हिशेब प्रशिक्षकाच्या हाती येतो.

येथेच सावध राहावयास हवे. अंतर म्हणजे दोष नव्हे. जलपाईगुडी जिल्ह्यातील स्वप्ना बर्मन या मुलीच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे. कोणत्याही मोजपट्टीने ती सरासरीपासून दूरच ठरली असती; बाजारातले बूट तर तिला नेहमीच जाचत. कोलकात्यातील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात सुभाष सरकार यांनी तिला तयार केले. 2018 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत, सात प्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये, 6026 गुण मिळवून तिने सुवर्णपदक पटकाविले. या प्रकारात आशियाई सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री.

उद्या यंत्रे गावोगावची मुले पाहतील आणि कोण सरासरीपासून किती दूर आहे, हे अचूक सांगतील. त्या दूरत्वाला उणीव समजून मुलाला घरी धाडावयाचे, की त्यातच त्याचे सामर्थ्य शोधावयाचे, हा निर्णय मात्र माणसालाच करावा लागेल. स्वप्नाच्या विजयानंतर तिच्यासाठी बूट मुद्दाम तयार करण्यात आले. बदलावयाचे होते ते बूट, पाय नव्हेत.