शब्दांची शेपटे

लग्नघरात जशी माणसे, तसे वाक्यात शब्द. नाम म्हणजे यजमान. विशेषण म्हणजे त्याचे कौतुक करीत पुढे चालणारा भाट. क्रियापद म्हणजे घरातले कर्ते माणूस. सगळ्यांची पाने वाढून झाली की शेवटी बसणारे. आणि ‘ला’, ‘ची’, ‘वर’, ‘साठी’, ‘पाशी’ ही मंडळी? ती हरकाम्या गड्यांसारखी. त्यांच्यावाचून काही हलत नाही, पण फोटोत ती कधी दिसत नाहीत.

इतिहासकारांनी राजांचा इतिहास लिहिला, तो त्यांना लखलाभ. मला या हरकाम्यांचा लिहायचा आहे, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. अलिबागहून रेवदंड्याकडे निघावे, नागावच्या नारळी-पोफळीत मुक्काम ठोकावा आणि दोन्हीकडे हात लांब करावेत.

एक हात आक्षीला लागतो. आक्षी आणि नागाव इतकी शेजारची, की ‘आक्षी-नागाव’ असे एका दमात म्हणतात. आक्षीच्या शिलालेखावर डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ हे साल आहे. त्यात केशीदेवराय या राजाला चक्क पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटले आहे. तो समुद्र नागावकर रोज पाहतात. आपल्याला कुणी अधिपती होता असे त्याच्या वागण्यावरून तरी दिसत नाही. पण त्याच दगडावर एक शब्द आहे: ‘महालषुमीची’. लक्ष्मीची ‘लषुमी’ झाली आहे, पण ती ‘ची’ बघा. तश्शीच्या तशी! राजा गेला, राज्य गेले; ‘ची’ हजार वर्षे जागची हलली नाही. आज ‘अहो, लक्ष्मीची पिशवी राहिली!’ म्हणून बाजारात कुणी ओरडले, तर ती हीच ‘ची’.

पुढे पाहुणे आले. नागावलाच शके १२८९ चा, म्हणजे इ. स. १३६७ चा शिलालेख आहे. त्यात शकाच्या मांडीला मांडी लावून हिजरी ७६९ हे सालही बसले आहे. साल आले तसे फारसी-अरबी शब्दही आले आणि पुढच्या शतकांत कचेऱ्यांतून ठाण मांडून बसले. फारसीत ‘सिवा’ आणि ‘बाबत’ हे नामाच्या पुढे चालणारे शब्द. मराठीने त्यांना गूळपाणी दिले आणि सांगितले, “या, बसा. पण मागे!” तेव्हापासून ते मागेच आहेत: ‘तुझ्याशिवाय’, ‘जमिनीबाबत’. एकटा ‘दर’ काय तो हट्टाने पुढे उभा राहिला: ‘दररोज’, ‘दरमहा’. पगार आणि घरभाडे त्याच्या हाती, म्हणून कुणी हटकत नसावे.

मग इंग्रजी व्याकरण आले. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ निघाले आणि मराठी शब्दांना रीतसर खाती मिळाली. इंग्रजीत या हरकाम्यांचे नावच मुळी ‘आधी ठेवलेला’ अशा अर्थाचे: प्रीपोझिशन. इंग्रज आधी ‘वर’ म्हणतो, मग कशाच्या वर ते सांगतो. आपण आधी टेबल मांडतो. आणि ते टेबलही ‘वर’पुढे कमरेत वाकते, ‘टेबला’ होते. आपल्याकडे नाव पडले ‘शब्दयोगी’. पुढे की मागे, या भानगडीतच पडायला नको! तरी घोळ उरलाच. ‘वर चढ’ म्हटले तर ‘वर’ हे क्रियाविशेषण, ‘माडावर चढ’ म्हटले की शब्दयोगी. माड तोच, माणूस तोच, पडण्याची भीती तीच. जात तेवढी बदलली.

१९६३ साली जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तीस भाषा तपासून सांगितले, की क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषांत हे शब्दही बहुधा नामाच्या मागेच येतात. जपानी, तुर्की, तमिळ ही सगळी आपल्याच पंक्तीतली. फारसी अपवाद: क्रियापद शेवटी, पण हे शब्द पुढे.

आता दुसरा हात. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. तिथला किल्ला १५९४ साली पोर्तुगीजांनी घेतला आणि १७४० साली मराठ्यांना दिला. तोफा गेल्या, भाषा राहिली. गावातली ख्रिस्ती कुटुंबे अजून घरात ती बोलतात. तिचे नाव ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगीजमध्ये ‘पारा’ म्हणजे ‘साठी’; हा शब्द नामाच्या पुढे असतो. कोर्लईत तो झिजून ‘प’ झाला आणि मुकाट्याने मागे गेला: ‘पेद्रूला’ म्हणायचे तर ‘पेद्रू-प’. क्रियापदही आपल्यासारखे वाक्याच्या शेवटी जाऊन बसले. कुणी फर्मान काढले नव्हते. पिढ्यानपिढ्यांच्या मराठी शेजाराने हे केले. किल्ला घ्यायला फौज लागते. शब्द फिरवायला शेजार पुरतो.

पण शेजार दिवसेंदिवस मोठा होत चालला आहे आणि ‘नो लिंग’ बोलणारे जेमतेम हजाराच्या घरात आहेत. मुलांची शाळा दुसऱ्या भाषेत, नोकरी तिसऱ्या. ‘ची’ला आक्षीचा दगड मिळाला आणि कोट्यवधी तोंडे मिळाली. ‘प’ला दगड नाही. त्याची सगळी भिस्त, रात्री जेवताना एखादी आजी नातवाला काय म्हणून हाक मारते आणि नातू तिला कुठल्या भाषेत ओ देतो, यावर.