तुळस, घरातील

पुदिना व सब्जा यांच्या कुलातील ही सुगंधी वनस्पती लिनीअसने १७५३ साली ऑसिमम टेन्यूफ्लोरम या नावाने नोंदविली आणि १७६७ साली तिलाच ऑसिमम सँक्टम असे दुसरे नाव दिले. दोन्ही नावे ग्रंथांतरी आढळतात. हिरव्या पानांची ती राम तुळस, जांभळट पानांची ती कृष्ण तुळस. तिचा उग्र गंध मुख्यतः युजेनॉलचा असून ते द्रव्य लवंगेतही असते.

तुळस ही स्वभावतः उघड्यावरची वनस्पती होय. अंगणातील वृंदावनात तिला दिवसभर ऊन मिळे. अंगणे आटून ती गॅलरीत वा खिडकीत आली, तेव्हापासून तिच्या संगोपनाचा प्रश्न उद्भवला. दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा तिला मुक्रर करावी. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती भक्तीच्या बळावर जगत नाही.

सिल्लोड तालुक्यात जिच्यावर कापूस, मका व मिरची पिकते, ती काळी माती शेतात गुणकारी असली, तरी कुंडीत तशीच भरल्यास घातक ठरते. कारण ती पाणी धरून ठेवते, वाळताच आकसून भेगाळते आणि दोन्ही अवस्थांत मुळांना वाव देत नाही. म्हणून तीत जाड वाळू आणि कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे, कुंडीच्या तळाचे छिद्र खापरीच्या तुकड्याने झाकावे आणि वरची माती बोटाला कोरडी लागल्यावाचून पाणी देऊ नये. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालण्याचा रिवाज उन्हाळ्यात उपकारक असला, तरी हिवाळ्यात त्यानेच मुळे कुजतात.

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न लावतात. उसाचा मांडव, बुंध्याशी चिंचा-आवळे, अंतरपाट आणि मंगलाष्टके असा सारा थाट होतो. परंतु त्याच संध्याकाळी झाडाची सर्वाधिक हेळसांडही होते. निरांजन फांदीखाली ठेवल्याने पाने करपतात, तर मुळाशी सांडलेले तेल, दूध आणि भिजलेल्या अक्षता यांनी मुंग्या व बुरशी यांस आयतेच आमंत्रण मिळते. दिवा हातभर दूर ठेवावा, नैवेद्य ताटलीत दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी मातीचा वरचा थर खरवडून नवा घालावा, इतका बंदोबस्त पुरे होतो.

याच सुमारास झाड मंजिऱ्यांनी भरून येते. बी धरू लागले की ते आपली शक्ती तिकडे वळवते, खोड काष्ठमय होते आणि पाने विरळ होतात. लग्न लागलेल्या तुळशीला हात लावू नये, या भावनेने मंजिऱ्या तशाच राहू देणारी घरे पुष्कळ. माघात तीच झाड वाळल्याची तक्रार करतात. बियांपुरत्या दोन-चार राखून उरलेल्या मंजिऱ्या खालच्या पानांच्या जोडीसह नखाने खुडाव्यात, म्हणजे बगलेतून नवे फुटवे येतात. रविवारी व द्वादशीस पाने न तोडण्याचा प्रघात पाळणाऱ्यांस त्यासाठी इतर वार मोकळेच आहेत.

पाने मुरडून राखाडी दिसू लागल्यास ती उलटून पाहावीत. जाळीदार पंखांचे बारीक काळपट किडे आढळल्यास निंबोळी अर्क फवारावा, आणि त्या पानांचा नैवेद्यास उपयोग करू नये. पौष-माघातील थंडीच्या रात्री कुंडी भिंतीच्या आडोशाला घेऊन सकाळी पुन्हा उन्हात ठेवावी. दोन-तीन वर्षांनी झाड जून होते. त्यापूर्वीच उन्हाळ्याच्या अखेरीस राखलेले बी भुसभुशीत मातीवर विखरून वर चिमूटभर माती पसरावी. ओल टिकल्यास ते आठ ते चौदा दिवसांत उगवते.